रकान्याबाहेरचा शेतकरी

पुरेशी माहिती जमवून ती संगणकाला पढवली की समाजाचे प्रश्न आपोआप सुटतील, अशी एक श्रद्धा सध्या सुशिक्षितांत रूढ झाली आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केल्यापासून ती अधिकच बळावली. हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरसारख्या कापसाच्या गावाकडे पाहता मात्र ही श्रद्धा आम्हांला भाबडी वाटते.

२०१७ ची कर्जमाफी आठवावी. सुमारे ३४ हजार कोटींची घोषणा जूनमध्ये झाली, अर्ज ऑनलाइन भरून घेतले गेले, छाननी संगणकावर सोपवली. दिवाळीच्या तोंडावर काही शेतकऱ्यांना समारंभपूर्वक प्रमाणपत्रे मिळाली. पाठोपाठ उघडकीस आले की याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आहे. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. ‘माहिती सदोष होती, पद्धत नव्हे’ असे यावर सांगितले जाते. हे उत्तर अपुरे आहे, कारण माहिती निर्दोष असली तरी अन्याय घडू शकतो.

शेतकरी-आत्महत्येनंतरच्या मदतीचे २००६ चे निकष पाहा: कुटुंबाच्या नावे शेतजमीन, बँकेचे, संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज, आणि वसुलीचा तगादा. मक्त्याने दुसऱ्याचे शेत कसणाऱ्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर नसते. बिनपरवाना सावकाराच्या कर्जाची नोंद कोठेच नसते. असे प्रकरण ‘अपात्र’ ठरते तेव्हा संगणकाचे गणित बरोबरच असते! चूक रकाने आखतानाच झालेली असते, आणि रकाने माणसेच आखतात.

जुनी व्यवस्था निर्मळ होती असे आम्ही म्हणत नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ उगारला तो कुळकर्ण्याच्या लेखणीवरही होता. संगणकाने हेलपाटे आणि चिरीमिरी काही अंशी कमी केली, हेही खरे. पण लेखणी धरणाऱ्याला चावडीवर गाठून जाब विचारता येई. आज तलाठी संगणकाकडे बोट दाखवतो, संगणक बँकेकडे, आणि बँक पुन्हा तलाठ्याकडे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक नकाराचे कारण समजेल अशा मराठीत लिहून मिळावे. खाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे. यादीचे चावडीवाचन व्हावे, आणि ‘हा माणूस राहिला’ असे म्हणण्याचा अधिकार गावाला असावा. आकडेवारी खुशाल वापरावी. निवाडा मात्र तिच्यावर सोपवू नये.

साहित्याच्या वर्गात आपण वर्षानुवर्षे हेच शिकवत आलो आहोत, की जे लिहिले गेले त्याइतकेच जे वगळले गेले तेही वाचायचे असते. ही वाचनाची सवय वर्गाबाहेर नेण्याची वेळ आली आहे.