अनोळखी मित्र आणि ओळखीचे घर

मराठी माणूस प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी व्यक्तीशी बोलू लागला की पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न ठरलेले असतात. आडनाव काय, मूळ गाव कोणते आणि त्या गावातील अमुक घराशी नाते काय? आजच्या तरुण पिढीला ही चौकशी भोचकपणाची वाटते आणि पुष्कळदा ती तशी असतेही. परंतु तिच्यामागे एक सामाजिक शहाणपण होते. समोरचा माणूस कोण आहे, हे त्याच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा त्याला ओळखणाऱ्या इतरांच्या साक्षीवर ठरत असे. मामांचा मित्र, शेजारच्या काकूंचा भाचा, शाळेतील सरांचा जुना विद्यार्थी अशी प्रत्येक नवी ओळख कोणाच्या तरी जामिनावर घराचा उंबरठा ओलांडत असे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, त्याला तीन दशके झाली. या काळात जामिनाची ती व्यवस्था मागे पडली. इंस्टाग्राम, फेसबुक, टेलिग्राम, अनेकांनी मिळून खेळायचे ऑनलाइन खेळ, वधूवर सूचक संकेतस्थळे आणि डेटिंग ॲप यांवर दोन माणसे एकमेकांना भेटतात, तेव्हा त्यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते. यातून वाईटच घडते असे मुळीच नाही. दुर्मीळ आजाराशी झुंजणाऱ्या मुलांचे आईवडील, गडकोटांच्या भटकंतीचे वेड असलेली मंडळी, परदेशात एकटे पडलेले मराठी विद्यार्थी यांना याच माध्यमाने जिवाभावाची माणसे मिळवून दिली आहेत. या मैत्रीवर सरसकट फुली मारणे अशक्य आहे आणि अन्याय्यही आहे. प्रश्न एवढाच आहे की पूर्वी समाज जी पारख करत असे, ती आता करायची कोणी आणि कशी?

या प्रश्नाची धग महाराष्ट्राला फार पूर्वीच जाणवली आहे. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईतील एका १६ वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले आणि त्याची हत्या करण्यात आली. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावरील ओळखीचा धागा त्यामागे असल्याचे तपासाच्या काळात सांगितले गेले. पुढे जानेवारी २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयात काय सिद्ध झाले आणि काय नाही, हा भाग वेगळा. पण त्या आठवड्यात अनेक घरांत ऑर्कुट बंद करण्याची फर्माने निघाली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट स्वतःच बंद झाले आणि धोका मात्र तेथेच राहिला. संकेतस्थळे येतात आणि जातात. एकावर बंदी घालून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या पालकांना दुसऱ्याचे नावही ठाऊक नसते.

फसवणाऱ्यापाशी काही जादू नसते. त्याच्यापाशी असतो वेळ आणि आपणच जगासमोर मांडून ठेवलेली माहिती. गणवेशावरील बिल्ल्यावरून शाळा कळते, वाढदिवसाच्या शुभेच्छांवरून वय कळते, सहलीच्या छायाचित्रांवरून घर केव्हा रिकामे असते तेही कळते. आवडता गायक, नुकतेच झालेले भांडण, परीक्षेतील अपयश हे सारे आधीच वाचून आलेला माणूस पहिल्याच गप्पांत ‘अगदी माझ्यासारखाच’ वाटला, तर नवल नाही. मग तो मूळ संकेतस्थळ सोडून खासगी संदेशांकडे वळण्याचा आग्रह धरतो. त्यानंतर येते ते वाक्य, जे धोक्याची सर्वांत स्पष्ट खूण मानले पाहिजे : ‘हे आपल्या दोघांतच राहू दे.’ पैसा, छायाचित्र किंवा भेट यांपैकी कोणती तरी मागणी त्यानंतरच येते.

या मागणीचे प्रकार आता परिचित झाले आहेत. परदेशस्थ मित्राने पाठवलेली मौल्यवान भेटवस्तू सीमाशुल्क विभागाने अडवली, ती सोडवण्यासाठी शुल्क भरा, असा फोन येतो. अनोळखी स्त्रीच्या व्हिडिओ कॉलचे चित्रण करून नंतर तोतया पोलीस अधिकारी बदनामीची धमकी देतो. डेटिंग ॲपवरून भेटलेली व्यक्ती स्वतःच ठरवलेल्या हॉटेलात नेते आणि हजारो रुपयांचे बिल माथी मारून नाहीशी होते. महिनोन्‌महिने जिव्हाळ्याने बोलणारी मैत्रीण हळूच एखाद्या गुंतवणुकीचा मार्ग दाखवते. या शेवटच्या प्रकारामागे तर संघटित टोळ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला सक्तीने जुंपले गेले होते. नोकरीच्या आमिषाने तेथे अडकलेल्यांत भारतीय तरुणही होते. पडद्यापलीकडची ‘मैत्रीण’ ही प्रत्यक्षात कोणाच्या तरी कैदेत बसून टंकन करणारी अभागी व्यक्ती असू शकते, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

यात फसणारी केवळ अल्लड मुले असतात, हा गैरसमजही दूर झाला पाहिजे. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुसऱ्या विवाहाचा विचार करणारी चाळिशीतील स्त्री, मुले परदेशी गेल्यामुळे एकाकी झालेले ज्येष्ठ नागरिक हेही तितक्याच सहजतेने जाळ्यात सापडतात. या सर्वांत समान धागा एकच : त्यांनी कोणालाही सांगितलेले नसते. मुलगी सांगत नाही, कारण मोबाइल काढून घेतला जाईल आणि कदाचित महाविद्यालयही बंद होईल. आजोबा सांगत नाहीत, कारण सुनेपुढे मान खाली जाईल. गुन्हेगाराचे खरे भांडवल ही भीतीच आहे. ‘घरी कळवीन’ या त्याच्या धमकीत जोर असतो, तो घरात समजून घेतले जाणार नाही याची फसलेल्या व्यक्तीला खात्री असते म्हणून. ज्या घरात चूक कबूल करता येते, त्या घरावर ही धमकी चालत नाही.

म्हणूनच प्रत्यक्ष भेटीचा पहिला नियम असा की घरातील किंवा विश्वासातील किमान एका व्यक्तीला सारे ठाऊक असले पाहिजे : कोणाला भेटणार, त्याचे छायाचित्र व दूरध्वनी क्रमांक, ठिकाण आणि परतण्याची वेळ. व्हॉट्सॲपवर आपले चालू ठिकाण ८ तासांपर्यंत दुसऱ्याला दिसत राहील अशी सोय आहे, तिचा उपयोग करावा. भेटण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर बोलावे. मात्र आता चेहरा आणि आवाज दोन्ही कृत्रिमरीत्या घडवता येत असल्याने तेवढ्यावर विसंबू नये. प्रोफाइलवरील छायाचित्र आणखी कोठे वापरले गेले आहे का, हे गूगलवर शोधता येते. पहिली भेट दिवसा, वर्दळीच्या आणि शक्यतो आपणच निवडलेल्या जागी व्हावी. जाणे-येणे आपल्या सोयीने करावे, समोरच्याच्या गाडीत बसू नये. खाणेपिणे नजरेआड होऊ देऊ नये, आपले बिल आपण द्यावे. ऐन वेळी जागा बदलण्याचा आग्रह झाला, किंवा मन नुसते साशंक झाले, तरी निघून येण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सज्जन माणसाला या सावधगिरीचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याची परीक्षा तेथेच झालेली असते. अठरा वर्षांखालील मुलामुलींनी तर अशा भेटीला आई, वडील किंवा अन्य जाणत्या व्यक्तीशिवाय जाऊच नये.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर कायदा दुबळा नाही. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक हेतूने एखाद्या बालकाशी इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हाही गुन्हा ठरतो. तसेच एखाद्या स्त्रीने खासगी चित्रणाला संमती दिली असली, तरी ते तिच्या संमतीवाचून इतरांना पाठवणे हा कलम ७७ नुसार गुन्हाच आहे. ‘तूच तर पाठवलेस’ या वाक्याने खचून जाणाऱ्या मुलींना ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम मध्ये अडवण्याची शक्यता अधिक असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर स्त्रिया व बालके यांच्याविषयीच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. भीतीपोटी संदेश पुसून टाकू नयेत, तेच पुरावे असतात. आणि खंडणीचा पहिला हप्ता देऊ नये, कारण तो कधीच शेवटचा नसतो.

तथापि कायदा धावून येतो तो घटना घडल्यावर. त्यापूर्वीचे काम घराचे आणि समाजाचे आहे. मुलांच्या मोबाइलची चोरून तपासणी करणारे पालक आणि ‘आम्हांला त्यातले काही कळत नाही’ म्हणून हात झटकणारे पालक, दोघेही या कामात उणे पडतात. रात्रीच्या जेवणाच्या वेळी मुलीच्या मैत्रिणीचे नाव ज्या सहजतेने निघते, त्याच सहजतेने ऑनलाइन खेळातील सोबत्याचे नाव निघाले पाहिजे. ‘त्याला एकदा घरी बोलाव, आम्हांलाही भेटू दे’ हे वाक्य शंभर निर्बंधांहून अधिक उपयोगी आहे. प्रामाणिक मित्र येतो, चहा घेतो आणि घराचाच होऊन जातो. लबाड माणूस मात्र शंभर सबबी सांगतो. घरोघरी संपर्काची सवय असलेल्या कार्यकर्त्यांनीही याची दखल घ्यावी. वस्तीतील एकाकी आजोबांकडे आठवड्यातून एकदा डोकावणे, शाळेच्या पालकसभेत या विषयावर तासभर बोलणे, फसलेल्या कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात जाणे या गोष्टींना फार मोठी साधने लागत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अशा कुटुंबाची कुजबूज वस्तीत फिरू न देणे. बदनामीच्या भयाने गप्प बसलेले प्रत्येक घर त्याच गुन्हेगाराला पुढची शिकार मिळवून देत असते.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे आपल्या पूर्वजांनी मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. आडनाव, गाव आणि नाते विचारणारे ते तीन प्रश्न आज त्याच शब्दांत विचारण्याची गरज नाही. परंतु ‘याला आणखी कोण ओळखते?’ हा त्यांमागचा मूळ प्रश्न टाळून चालणार नाही. नव्या मित्राला भेटण्यासाठी मुलगा वा मुलगी घराबाहेर पडत असेल, तेव्हा त्यांना चोरून जावे लागू नये, एवढा विश्वास आधी घराने कमावला पाहिजे. पायांत चपला सरकवताना ‘आई, मी अमुक ठिकाणी, अमक्याला भेटायला चालले आहे, सातपर्यंत येते’ असे म्हणण्याचे धैर्य मुलीला वाटणे, ही तिच्या सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.