काचेच्या शेगडीचा रोजमेळ



"काचेची शेगडी आपल्या स्वयंपाकाला टिकत नाही," असं परवा स्वाध्यायानंतर दोघी-तिघी म्हणाल्या. मुलं परदेशी, तिकडे घरोघरी सिरॅमिक काचेचीच शेगडी, म्हणून विषय निघाला. मला हे पटत नाही. ती काच आपल्या स्वयंपाकाने बिघडत नाही, आपल्या 'नंतर बघू'ने बिघडते. हे मी नुकसान करून शिकले आहे.

मागच्या संक्रांतीला मी जर्मनीत मुलीकडे होते. चिक्कीचा पाक उतू गेला. गॅसच्या सवयीने बटण बंद केलं आणि म्हटलं, निवल्यावर पुसू. निवल्यावर पाक निघाला, पण काचेचा टवका घेऊनच! साखर-गूळ तापलेल्या काचेला घट्ट धरतो आणि निवताना आकसून तिला ओढतो. घर भाड्याचं, काच बदलून द्यावी लागली. मुलगी एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून पाक, गोड दूध किंवा प्लॅस्टिक सांडलं, तर आच बंद करून, हातमोजा घालून, गरम असतानाच पातीच्या खरवडणीने तिरपं धरून काढा. बाकी सगळं मात्र काच निवल्यावरच.

रोजचं काम सोपं आहे. थेंबभर भांड्याचा साबण, मऊ ओलं फडकं, मग कोरडं. करपलेल्या डागावर खायचा सोडा पसरून वर ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा. पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या रसाने जातात. सगळीकडे व्हिनेगर सांगतात, आपल्याला त्याची गरज नाही. तारेची किंवा हिरवी खरखरीत घासणी आणि घासायची पावडर लांबच ठेवा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या रुपेरी रेघा बहुतेक वेळा ओरखडे नसतात, अशा शेगडीसाठी मिळणाऱ्या क्रीमने त्या निघतात.

खरे ओरखडे येतात भांडं सरकवल्याने. बुडाखाली मिठाचा खडा असला तरी पुरतो. मुनींसाठी आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे : वस्तू पाहून उचलावी, पाहून ठेवावी. आपण गृहस्थ, तेवढं कुठलं जमायला! पण तवा उचलून, बूड पुसून ठेवणं तर जमेल?

रात्रिभोजन नसल्याने आपला ओटा उजेडातच मोकळा होतो. तेव्हाच शेगडी पुसली की काचेवर डाग राहत नाही आणि सांडलेल्या गोडावर रात्री मुंग्या येत नाहीत. मुंग्या आल्यावर त्यांना वाचवत बसण्यापेक्षा त्यांना बोलवायचंच नाही, हे बरं.

कॉमर्सच्या वर्गात शिकले होते, रोजमेळ त्याच दिवशी जुळवावा. आजचा डाग उद्यावर टाकला की त्यावर व्याज चढतं. माझं व्याज जावयांनी भरलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.