मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे पाहा

अलॉइस अल्झायमर यांनी १९०७ मध्ये आपल्या स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाच्या मेंदूचे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा पेशींतल्या गुंत्यांबरोबरच मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याचीही नोंद केली होती. पुढे संशोधनाचा सारा झोत अमायलॉइड या प्रथिनावर राहिला आणि ती नोंद मागे पडली. हे नुकसानकारक ठरले.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. हृदयातून निघणारे १५ ते २० टक्के रक्त मात्र त्यालाच लागते. शिवाय मेंदूतल्या वाहिन्या केवळ प्राणवायू पोचवत नाहीत, अमायलॉइडचा काही निचराही त्यांच्या भिंतींवाटे होतो. तो तुंबला की प्रथिन त्याच भिंतींत साचते आणि त्या ठिसूळ होतात. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकानेमॅबसारख्या नव्या औषधांनी काही रुग्णांच्या मेंदूत सूज येते, रक्तस्राव होतो, त्यामागे या भिंतींचा मोठा हात आहे.

वाहिन्या जपण्याचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे रक्तदाबावर नियंत्रण. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (२०१९) ज्या गटात वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्या गटात स्मरण-आकलनाचा सौम्य ऱ्हास कमी आढळला. स्मृतिभ्रंश टळल्याचे निर्विवाद सिद्ध झाले नाही, हेही सांगायलाच हवे. तरीही भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज असताना महागड्या औषधांची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या गोळ्यांचा पुरवठा एक दिवसही खंडित होता कामा नये. आणि वाचकहो, चाळिशीतच रक्तदाब मोजून घ्या. गोळी सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका.