धूर गाळता येतो का?

कन्नडमध्ये विडी ‘सेदतात’ आणि विहिरीचे पाणीही ‘सेदतात’. मराठीत आपण पाणी ‘शेंदतो’. आपल्याकडच्या कित्येक घरांत हे दोन्ही शब्द कानावर पडतात, आणि चिलमीचे सारे शास्त्र त्यांत आहे. तोंडाने ओढले की नळीतला दाब कमी होतो, बाहेरची हवा निखाऱ्यातून आत धावते आणि धूर घेऊन येते. ओढ जितकी जोराची, तितका निखारा तापतो.

साधी मातीची चिलीम पाहा. तंबाखू तोंडात येऊ नये म्हणून आत खडा, आणि खाली ओली छापी. छापीने चटका कमी लागतो, राख अडते. पण वाट आखूड असल्याने धूर गरमच राहतो.

हुक्क्यात वाट लांबवली आणि मध्ये पाणी ठेवले. ओढले की पाण्यावरची हवा विरळ होते आणि धूर बुडबुडे होऊन वर येतो. ‘गुडगुडी’ हे नाव त्या आवाजावरूनच पडले. पाण्याने धूर थंड होतो, काही पदार्थ पाण्यात उतरतात. पण बुडबुड्याच्या पोटातला बराचसा धूर पाण्याला न शिवताच वर जातो.

पाश्चात्त्य पाइपची अडचण वेगळी. तंबाखू जळताना वाफ निघते, ती दांडीत थंड होऊन पाणी साचते, मग पाइप गुरगुरतो आणि जीभ पोळते. भोक साधारण चार मिलिमीटरचे असते. ते अरुंद झाले तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की वाटी तापते. या ओलाव्यावर डब्लिनच्या पीटरसन कंपनीने १८९० मध्ये पेटंट घेऊन दांडीखाली पाणी साचायला छोटा खळगाच केला. तुर्कस्तानातला मीरशॉम हा सच्छिद्र दगड ओलावा स्वतःच शोषतो. अमेरिकेत मिसूरीमध्ये दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे पाइप होतात, तेही ओल टिपतात. कुणी कागदाची गुंडाळी घालतात, कुणी हलक्या बाल्सा लाकडाचा तुकडा. जर्मनीत नऊ मिलिमीटरची, सक्रिय कोळसा भरलेली फिल्टर चांगलीच रुळली आहेत.

आता मुद्द्याचे. ही सारी योजना प्रामुख्याने ओढणाऱ्याच्या जिभेसाठी आहे. ओलावा, राख, थोडे डांबर अडते, हे खरे. पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही आणि कोळशाच्या फिल्टरलाही दाद देत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. हुक्क्यात तर वर ठेवलेला कोळसाच त्याची भर घालतो. शिवाय धूर थंड आणि मऊ झाला की झुरका लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये बजावले होते की हुक्क्याच्या एका बैठकीत शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो. पाइपवाले म्हणतात, आम्ही धूर छातीत घेत नाही. तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग काही टळत नाही; निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरते.

निपाणी भागात तंबाखूच्या पिकावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. १९८१ च्या आंदोलनात शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी प्राणही दिले. तेव्हा या पानाला नुसती नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. पण पीक कष्टाचे आहे म्हणून धूर निरुपद्रवी ठरत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरांवर बंदी घातली, कर्नाटकाने २०२४ मध्ये हुक्क्याच्या विक्रीवर आणि सेवनावर. तरी ‘हा हर्बल आहे’, ‘पाण्यातून गाळलेला आहे’ असे मुले सांगतातच. हर्बल म्हटला तरी वरचा कोळसा तोच असतो.

अशा वेळी रागावण्याआधी त्यांना एकच गोष्ट दाखवावी. फिल्टर कुठे बसवलेले असते? ओढणाऱ्याच्या तोंडाशी. वाटीच्या वरच्या टोकाला काहीच नसते. दोन झुरक्यांच्या मधे तिथून जो धूर वर जातो, त्याला ना छापी, ना पाणी, ना कोळसा. तो न गाळताच माजघरात पसरतो, आणि तिथे आजी निजलेली असते, पाळण्यात बाळ असते.