दादांच्या ताटातलं चिकन

माझी धाकटी बहीण ग्वाल्हेरला दिली आहे. अंतर इतकं, की बेळगावहून जाणं वरचेवर होत नाही. गेल्या डिसेंबरात गेले ती तिच्या सासऱ्यांच्या आजारपणामुळे. घर लष्करात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास जिथं पडला, तोच हा भाग. घरातलं मराठी हिंदीकडे झुकलेलं. आपलं कानडीकडे झुकतं तसंच.

दादांना डॉक्टरांनी तेल-मसाला टाळून कोंबडीच्या छातीचं मांस खायला सांगितलेलं, आणि दादांना कवळी! पहिल्याच रात्री त्यांनी तुकडा बराच वेळ चघळला आणि "भूक नाही" म्हणत ताट सारलं. असं तीन दिवस चाललं होतं म्हणे. ओट्यापाशी बहिणीचे डोळे भरून आले. "ताई, ओव्हन घेऊ का गं?"

तिथल्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर पदार्थ फिरवायला चांदीची आगगाडी आहे. हिच्याकडे दोन बर्नरची शेगडी. पण मैत्रिणींनो, चूक शेगडीची नव्हतीच. छातीच्या मांसात चरबी अगदी थोडी. तंगडी रश्श्यात तासभर रटरटली तर मऊ होते, छातीचा तुकडा मात्र जितका शिजवाल तितकं पाणी सोडून चिवट होतो. बहीण मटणाच्या सवयीनं कुकरच्या चार शिट्ट्या करत होती.

दुसऱ्या दिवशी मी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून तुकडे अर्धा तास बुडवून ठेवले. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवतं. (मग वरून मीठ घालायचं नाही, आणि दादांना मीठ वर्ज्य नाही ना, हे आधी विचारून घेतलं होतं.) नंतर तुकडे फडक्यानं कोरडे टिपले. छातीचा तुकडा एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. पातळ टोक वाळतं तरी जाड भाग कच्चाच. म्हणून जाड भाग लाटण्यानं हलकेच ठोकून सगळीकडे बोटभर जाडीचा केला. आलं-लसूण, हळद, मिरपूड लावली. लिंबू आधी नाही. फार वेळ राहिलं तर वरचा थर भुसभुशीत होतो.

जाड बुडाचा तवा तापवून चमचाभर तेल घातलं. मध्यम आचेवर एक बाजू चार मिनिटं, तोवर हलवायचं नाही. मग उलटून आच बारीक, वर घट्ट झाकण, पाच-सहा मिनिटं. ओव्हन चहूबाजूंनी उष्णता देतो, इथं ते काम कोंडलेली वाफ करते. आमच्या आज्या झाकणावर निखारे ठेवत, ते याचसाठी. जाड भागात सुरी खुपसली तर रस स्वच्छ यावा आणि आत कुठं गुलाबी कच्चेपणा दिसू नये. दिसला तर आणखी दोन मिनिटं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश.

गॅस बंद केल्यावर बहीण लगेच सुरी घेऊन पुढं. माझ्या सासूबाई अशा वेळी "स्वल्प तडी!" म्हणतात. मीही तेच म्हणाले, तिला कानडी येत नसलं तरी! पाच मिनिटं झाकून ठेवलं तर रस मांसातच राहतो. मग रेषांना आडवं कापायचं, म्हणजे धागे आखूड होतात आणि कवळीलाही जमतं.

दादांनी पहिला घास घेतला, काही बोलले नाहीत. ताटातलं सगळं संपवलं आणि उरलेला तुकडा सकाळसाठी झाकून ठेवायला सांगितला.