नाहीतर गॅरेजमध्ये बसशील

"नीट अभ्यास कर, नाहीतर मामासारखा गॅरेजमध्ये बसशील."

हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. अभ्यास केला, मेकॅनिकलची डिग्री घेतली, कॅम्पसमधून सॉफ्टवेअरमध्ये गेलो. आणि गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ओहायोमध्ये, भाड्याच्या घरासमोर, वीस वर्षं जुन्या पिकअपखाली उताणा पडलो होतो. हातात पाना, छातीवर फोन, फोनवर मिरजेहून मामा. त्या दुपारी मला कळलं की ते वाक्य निव्वळ खोटं आहे. तुमच्याही घरात ते बोललं जात असणार, म्हणून हा लेख.

गाडी २००४ची शेव्हरोले सिल्व्हराडो, फोर व्हील ड्राइव्ह. स्वस्तात मिळाली. तिचं नाक खाली आणि शेपूट वर. इकडे अशा गाड्या 'लेव्हल' करायचं वेड आहे: नाक उचलायचं, की गाडी रुबाबदार दिसते. या मॉडेलला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. म्हणजे एक लांब पोलादी दांडा. त्याचं एक टोक चाकाकडच्या खालच्या कंट्रोल आर्ममध्ये, दुसरं मागे चॅसिसच्या आडव्या पट्टीत, 'की' म्हणतात त्या तुकड्यात अडकवलेलं. दांडा पिळला जातो आणि त्या पिळावर गाडीचं नाक उभं राहतं. कीखालचा बोल्ट आवळला की नाक वर. व्हिडिओत हे दहा मिनिटांचं काम होतं.

मामाने पहिला प्रश्न विचारला, "गाडी रिकामी आहे का भरलेली?"

"रिकामी."

"मग मागनं वर असणारच की. पिकअप आहे ती. तासगावची द्राक्षं भरल्यावर इथली बोलेरो बघ, कशी सरळ होते. मालासाठी सोडलेली उंची आहे ती." मग दुसरा प्रश्न, "दोन्ही बाजू मोजल्यास?"

मोजल्या नव्हत्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली. ड्रायव्हरची बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली.

"हां, ही बसलीय. तेवढीच उचल. बाकीच्याला हात लावू नको."

दोन प्रश्नांत त्याने दोष आणि रचना वेगळी करून दाखवली. ऑफिसात याला आम्ही 'रूट कॉज ॲनालिसिस' म्हणतो आणि त्यासाठी तासभर मीटिंग घेतो.

आता माझं ज्ञान ऐका. 'टी बाय जे इज इक्वल टू जी थिटा बाय एल' हे पिळाचं सूत्र मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी घोकलं, सिद्ध केलं, मार्क मिळवले. त्याच सूत्राचा पोलादी दांडा डोळ्यांसमोर फूटभरावर होता आणि मी व्हिडिओ शोधत होतो. सूत्र नीट वाचलं असतं तर एवढं तरी कळलं असतं की दांड्याचा कडकपणा त्याची जाडी, लांबी आणि धातू ठरवतात. बोल्ट नुसती उंची बदलतो. तरीही जास्त आवळलेली गाडी कडक लागते, कारण चाकाला खाली जायला वाव उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन शेवटाला आपटतं. पुढच्या ॲक्सलचे सांधे तिरपे होतात, टायर एका कडेने झिजतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मागे माल भरला की नाक आणखी वर. या हौसेचं टोक म्हणजे नाक आकाशात आणि शेपूट जमिनीला. असल्या गाड्यांत ड्रायव्हरला समोरचा माणूस दिसेना. शेवटी नॉर्थ कॅरोलायनाने २०२१मध्ये कायदाच केला: बदल करून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त उंच केलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही.

हिवाळ्यात इकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे बोल्ट गंजलेला. रात्रभर तेल सोडून ठेवलं. पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवली, म्हणजे बोल्टवरचा भार उतरतो. खडूची खूण करून फेरे मोजले. बोल्ट पूर्ण काढायचा नाही ही मामाची सक्त ताकीद, कारण पिळलेला दांडा सुटला तर हात जाईल. साडेतीन फेरे, मग एक चक्कर मारून गाडी बसू दिली, परत टेप, परत अर्धा फेरा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. शेपूट अजून वर आहे, आणि तशीच राहणार.

मग अलाइनमेंट. त्याचे शंभरावर डॉलर मुकाट्याने दिले. मामाला मिरजेत लोक विचारतात, "बोल्टच तर फिरवलास, त्याचे पाचशे?" कोडची एक ओळ बदलून दिवसाचे पैसे लावणारे आपणच हे विचारतो.

आता कोणीतरी म्हणेल, अमेरिकेत बघा कशी श्रमप्रतिष्ठा आहे. थापा आहेत. इकडे मजुरी महाग म्हणून लोक स्वतः गाडीखाली शिरतात. तोच आपला माणूस पुण्यात सुट्टीवर आला की गॅरेजातल्या पोराला 'ए छोटू' म्हणतो. आणि मला गॅरेजचे गोडवेही गायचे नाहीत. मामाचे गुडघे गेलेत, पेन्शन नाही. आईची भीती पैशाची होती आणि ती खरी होती. पण वाक्यात पैसा नव्हता. वाक्यात 'डोकं नसलेले लोक तिथे बसतात' असं होतं. हात काळे करणारा खालचा, हे आपल्याला जातीने शिकवलं आणि कॉलेजने त्यावर शिक्का मारला. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब स्वतः घासायचा असतो. आमच्यातल्या निम्म्यांनी तो बाहेरून तयार विकत आणला. मीही आणला. सरांना माहीत होतं.

माझी मागणी साधी आहे. मेकॅनिकलच्या व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक बोलवतात ना? एक खुर्ची गॅरेजवाल्याला द्या, मानधनासकट. 'दोन्ही बाजू मोजल्यास?' एवढंच त्याला विचारू द्या. माझ्या बॅचमधले किती जण पास झाले असते? मी नसतो झालो.

परवा आईचा फोन आला. म्हणाली, "मामाच्या धाकट्याला जरा समजाव. दहावीचं वर्ष आहे आणि सारखा गॅरेजात असतो."

अभ्यास कर म्हणून सांगेन. गॅरेज सोड म्हणून नाही सांगणार.