रिकामी खुर्ची, भरलेली लोकल

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं विचारतात. आपण मान हलवून 'नो सर' म्हणतो आणि उठतो. यंदा एक प्रश्न विचारून बघा : ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यायचं आणि कशासाठी?

डोंबिवली-कल्याणला राहणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. दोन डोस घेतलेल्या सर्वांसाठी त्या सुरू झाल्या, तेव्हा १५ ऑगस्ट २०२१ उजाडला होता. मधल्या काळात कितीतरी कामं वन-बीएचकेतल्या जेवणाच्या टेबलावरून झाली. 'घरून काम होत नाही' हा समज तेव्हाच मोडला.

आता बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग आहे. काही दिवस घर, काही दिवस ऑफिस. मंगळवार ते गुरुवार टेबल मिळत नाही. सोमवारी, शुक्रवारी रांगाच्या रांगा रिकाम्या. भाडं आणि एसी मात्र महिनाभर चालूच. म्हणून कंपन्यांनी ठरलेल्या जागा काढून टाकल्या. अ‍ॅपवर टेबल बुक करा, बसा. मजले कमी झाले, भाडं वाचलं.

पण तुमचा प्रवास वाचला का? गोची तिथेच आहे. तीन तासांचा जाऊन-येऊन प्रवास करायचा आणि ऑफिसात हेडफोन लावून पुण्यातल्या सहकाऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं, याला काय अर्थ? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून पडले. किमान चार जणांचा जीव गेला. ऑफिसच्या वेळा बदलण्याची चर्चा त्यानंतर पुन्हा झाली. वेळांइतकीच जागांचीही व्हायला हवी.

म्हणजे ऑफिसं बंद करा, असं नाही. पहिल्या नोकरीत निम्मं काम शेजारच्या सीनियरला बघूनच शिकता येतं. घरी टीव्ही असतो, भावाचा क्लास असतो आणि 'घरीच आहेस ना, मग जरा गॅस बंद कर' असतंच. शिवाय ऑफिसखालचा चहावाला घरून काम करू शकत नाही.

उपाय दोन. अख्ख्या टीमने एकत्र यायचे दिवस ठरवावेत, म्हणजे आलेला दिवस सत्कारणी लागेल. आणि मुंबईतला रिकामा मजला सोडून त्या पैशात काही टेबलं ठाणे-कल्याणला घ्यावीत. हे अशक्य नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १९६०च्या दशकात कारखाने आले. आज त्याच रस्त्यांवर आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. काम आपल्या दाराशी येऊ शकतं.

एकच खुर्ची अनेकांनी वापरणं आपल्याला नवीन नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. सकाळी पेपर वाचणारे आजोबा, दुपारी परीक्षेचा अभ्यास करणारे तुम्ही. खुर्ची तीच. जी कधी रिकामी राहत नाही, तिचं भाडं कुणालाच जड होत नाही.

तेव्हा 'नो सर' म्हणू नका. पॅकेजचा आकडा ऐकलात की त्यातून रोजचे तीन तास वजा करा आणि मग विचारा : 'सर, किती दिवस? कशासाठी? आणि ठाण्यात एखादं टेबल आहे का?'